चावट चालेल, हलकट नाही!

कॉलेजवरच्या एका वाह्यात पिक्चरवरून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय, असं सांगितलं तर खरं वाटेल? पण दिलाय. १९७५ मध्ये. पिक्चरचं नाव 'क्लास ऑफ सेव्हन्टीफोर'. नावावरूनच अंदाज येतो : कॉलेज, मुली, मुलं आणि अभ्यास सोडून बाकी सगळं. तो लागला होता फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात, एका ड्राइव्ह-इन थिएटरमध्ये. आणि त्या थिएटरचं नाव काय, तर 'युनिव्हर्सिटी ड्राइव्ह-इन'. (नाही हो, जुळवून सांगत नाहीये. खरंच तेच नाव होतं.)

ड्राइव्ह-इन म्हणजे उघड्या मैदानात मोठ्ठा पडदा आणि समोर गाड्यांच्या रांगा. बीकेसीत मॉलच्या गच्चीवर २०२१ मध्ये सुरू झालेलं तुम्ही निदान इन्स्टावर तरी पाहिलं असेल. आता पडदा उघड्यावर असला की तो तिकीट न काढलेल्यांनाही दिसतो. जॅक्सनव्हिलचा पडदा शेजारच्या दोन रस्त्यांवरून दिसायचा, आणि जवळच्या चर्चच्या पार्किंगमधूनही! शहराचा नियम होता की रस्त्यावरून दिसणाऱ्या पडद्यावर उघडं अंग दाखवायचं नाही. त्यामुळे थिएटरच्या मॅनेजरवर, रिचर्ड अर्झनोझ्निकवर, केस झाली. ती वर वर जात सुप्रीम कोर्टात पोचली आणि मॅनेजर ६ विरुद्ध ३ मतांनी जिंकला. न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिलेल्या निकालाचा मुद्दा साधा होता : ज्याला बघायचं नाही, त्याने नजर वळवावी. शिवाय शहराचा नियम इतका सरसकट होता की तान्ह्या बाळाचं उघडं ढुंगण किंवा युद्धात मेलेल्या माणसाचा उघडा देह पडद्यावर आला तरी तो गुन्हाच ठरला असता. कोर्टासमोर अशीही साक्ष होती की लोक बाहेर गाड्या लावून, गवतात बसून पिक्चर बघतात. त्या गवतातल्या फुकट्या प्रेक्षकांबद्दल मला उगाचच प्रेम वाटतं. प्रत्येक गणपतीत मांडवाबाहेरच्या कठड्यावर बसून ऑर्केस्ट्रा ऐकणारी आपलीच माणसं ती.

मी या निकालाच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला संस्कृतिरक्षक समजाल. नजर वळवण्याची सोय बघणाऱ्याला आहेच आणि असावी. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्याच्याकडे बघितलं जातंय, त्याला कसली सोय आहे?

हा विषय आत्ता का, ते सांगते. तुमच्या होस्टेलवर कुणाच्या तरी हार्ड डिस्कमध्ये 'कल्ट कॉमेडी' नावाचं एक फोल्डर असतं. 'अ‍ॅनिमल हाऊस', 'पोर्कीज', 'रिव्हेंज ऑफ द नर्ड्स'. सेमिस्टर संपली, सबमिशनं झाली की ते उघडतं. त्यातल्या क्लिप रील होऊन ग्रुपवर फिरतात. आणि एखादीने 'हे काय बघताय?' असं विचारलंच, तर उत्तर ठरलेलं : 'अगं, त्या काळचे पिक्चर आहेत ते. तेव्हा चालायचं.'

याच वाक्याशी माझं भांडण आहे.

त्याआधी तो काळ काय होता ते बघू. पहिलं ड्राइव्ह-इन १९३३ मध्ये न्यू जर्सी राज्यात रिचर्ड हॉलिंगशेड नावाच्या माणसाने काढलं. १९५०च्या दशकाच्या शेवटापर्यंत अमेरिकेत अशी चार हजारांवर थिएटर्स झाली. गावाबाहेरची स्वस्त जागा, एक पडदा, गाड्यांसाठी खांबांची रांग. खांबावर टांगलेला छोटा स्पीकर काढायचा आणि गाडीच्या काचेला अडकवायचा. आवाज कसा यायचा असेल? डब्यातून बोलल्यासारखा. मालकाचा खरा धंदा तिकिटावर नव्हता, पॉपकॉर्न आणि हॉट डॉगच्या काउंटरवर होता. (मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नचा दर बघून तुम्हाला जो झटका बसतो, त्याचं मूळ बरंच जुनं आहे.) मोठे स्टुडिओ आपले नवेकोरे पिक्चर आधी शहरातल्या ऐटदार थिएटरला द्यायचे. ड्राइव्ह-इनवाल्याला एका रात्रीत दोन-दोन, तीन-तीन पिक्चर लावायचे असायचे, म्हणजे माल स्वस्त हवा. अशी मागणी तयार झाली की पुरवठा करणारे येतातच.

या जागेनेच त्या पिक्चरना आकार दिला, असं मला वाटतं. आवाज धड येत नाही, मग संवादावर फार मेहनत कशाला? अर्धे प्रेक्षक मध्येच हॉट डॉग आणायला जाणार, उरलेल्यांतले अर्धे गाडीत एकमेकांत गुंतलेले. मग गुंतागुंतीची गोष्ट कशाला? सुटे सुटे प्रसंग असले म्हणजे झालं. कुठूनही बघा, काही चुकत नाही. अंगावर पाणी पडणं, पॅंट फाटणं, प्राचार्यांची गाडी तळ्यात जाणं, मुलींच्या होस्टेलमधला गोंधळ. आज आपण रील बघतो तसंच की! फक्त ते अंगठ्याने सरकवत नव्हते.

आणि कॉलेजच का? कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत, हातात गाडी असलेला आणि घरी आईवडिलांसमोर बसायचं नसलेला प्रेक्षक याच वयाचा होता. १९६८च्या शेवटी तिथली जुनी सेन्सॉरशिप गेली आणि वयानुसार रेटिंग आलं. 'आर' रेटिंग म्हणजे १७ वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसाबरोबर यावं. अंधाऱ्या मैदानात, गाडीच्या मागच्या सीटवर कोण आहे हे बॅटरी मारून कोण बघणार? डिकीत लपून आत जाण्याचे किस्से तर तिथल्या प्रत्येक गावात आहेत.

आता एक हिशोब सांगते. ड्राइव्ह-इनसाठी पिक्चर काढणाऱ्यांत सगळ्यात हुशार कंपनी होती अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स, थोडक्यात एआयपी. जेम्स निकल्सन आणि सॅम्युअल आर्कॉफ या जोडीची. यांची पद्धत उलटी होती. आधी नाव, मग पोस्टर, आणि ते खपेल असं वाटलं तर स्क्रिप्ट. १९६३च्या 'बीच पार्टी'पासून त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर नाचणाऱ्या तरुण पोरांच्या पिक्चरची रांगच लावली. आज बघितले तर शाळेच्या गॅदरिंगइतके सोवळे वाटतात. तर या कंपनीने प्रेक्षकाचं एक गणित मांडलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं 'पीटर पॅन सिंड्रोम'. लहान मूल मोठ्या मुलाचं सगळं बघतं, मोठं मूल लहानाचं बघत नाही. मुलगी मुलाचं सगळं बघते, मुलगा मुलीचं काही बघत नाही. तेव्हा सगळे पकडायचे असतील तर नेम एकावरच धरा : १९ वर्षांचा मुलगा.

हे गणित मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग यायच्या आधी हसू आलं, कारण ते बरोबर होतं. विचार करा ना, तुमच्या ग्रुपमध्ये पिक्चर कोण ठरवतं? 'छे, ते पोरींचं आहे' असं म्हणून कितीदा प्लॅन बदललाय? आणि कितीदा आम्ही 'चल, ठीक आहे' म्हणून आलोय? त्या हिशोबात मुलीही होत्याच, म्हणजे मीही आहे, पण बाजूच्या सीटवर. तिकीट माझंही, पण पिक्चर त्याचा.

तरीही बाजूच्या सीटवर मुलगी बसलेली आहे, ही गोष्ट त्या स्वस्तातल्या पिक्चरना पूर्ण विसरता येत नव्हती. इथून माझं मत सुरू होतं.

१९७० मध्ये रॉजर कॉर्मनने 'न्यू वर्ल्ड पिक्चर्स' ही स्वतःची कंपनी काढली. कॉर्मन म्हणजे कमी पैशात पिक्चर काढण्यातला महागुरू. त्याच्या हाताखाली काम शिकलेल्यांत कपोला, स्कॉर्सेसी, जेम्स कॅमेरून अशी नावं आहेत. कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या पिक्चरपैकी एक होता 'द स्टुडंट नर्सेस'. बजेट दोन लाख डॉलरच्या आत. पोस्टर असं की आईसमोर उघडू नये. दिग्दर्शक कोण? स्टेफनी रॉथमन. एक बाई. तेव्हा हॉलीवूडच्या मोठ्या स्टुडिओत बाई दिग्दर्शक शोधायला दुर्बीण लागली असती, आणि इथे ड्राइव्ह-इनच्या उघड्यावाघड्या पिक्चरला एक मिळाली.

कॉर्मनची अट साधी होती. ठरावीक अंतराने कपडे उतरले पाहिजेत, थोडी मारामारी हवी, बाकी तुला हवं ते कर. रॉथमनने ते 'बाकी' मनावर घेतलं. नर्सिंग शिकणाऱ्या चौघी मैत्रिणी एका घरात राहतात. एकीला दिवस जातात. गर्भपातासाठी ती हॉस्पिटलची परवानगी मागते, ती मिळत नाही. मग मैत्रिणी तिच्यामागे उभ्या राहतात आणि घरातच तो पार पाडला जातो. चौघींपैकी एकीला हे पटत नाही, तेही पडद्यावर येतं. हे १९७० साल आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा गर्भपाताच्या हक्काचा 'रो विरुद्ध वेड' निकाल यायला अजून तीन वर्षं होती. ज्या विषयाला मोठे स्टुडिओ हात लावायला कचरत होते, तो विषय दोन उघड्या प्रसंगांच्या मध्ये, हॉट डॉग खाणाऱ्या पोरांसमोर येऊन गेला.

आता हा पिक्चर महान आहे का? मुळीच नाही. अभिनय मधूनमधून आपल्या एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसारखा आहे. कॉमेडी म्हणावी तर हसू कमीच येतं. आणि कॅमेरा अधूनमधून त्या १९ वर्षांच्या मुलाचंच ऐकतो, कारण पैसे त्याचे आहेत. पण चौघींना काम आहे, मत आहे, भानगडी स्वतः केलेल्या आहेत आणि निस्तरायच्याही स्वतः आहेत. कपडे उतरतात तेव्हा त्यांना ठाऊक असतं की समोर कोण आहे. मला ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पिक्चर धो धो चालला, गुंतवलेल्या पैशाच्या कितीतरी पट कमावून गेला, आणि कॉर्मनने १९७४ पर्यंत नर्सेसवर आणखी चार पिक्चर काढले. ते रॉथमनने केले नाहीत.

दुसरं उदाहरण जरा जास्त खट्याळ आहे. १९७९चा 'एच.ओ.टी.एस.'. विद्यापीठाचं नावच असं ठेवलंय की आद्याक्षरं जोडली तर शिवी होते, त्यावरून पातळी समजा. कॉलेजच्या नाकउडव्या मुलींच्या क्लबने हाकलून दिलेल्या काही जणी स्वतःचा क्लब काढतात आणि त्यांना पाणी पाजायचं ठरवतात. शेवटी दोन क्लबांमध्ये फुटबॉल मॅच, आणि नियम असा की समोरच्यांनी गोल केला की आपला एक कपडा कमी. आचरटपणाचा कळस आहे. पण हा आचरटपणा लिहिलाय शेरी कॅफारो आणि जोन ब्युकॅनन या दोघींनी, आणि त्यात खोड्या काढणाऱ्या, डाव आखणाऱ्या, हरणाऱ्या, जिंकणाऱ्या सगळ्या मुलीच आहेत. नियम त्यांनी मान्य केलाय आणि मैदानात त्या स्वतःहून उतरल्यात.

इंग्रजीत या सगळ्या जातीला एकच शब्द आहे, 'रॉन्ची'. मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे बघा. आपल्याकडे चावट वेगळं, वाह्यात वेगळं आणि हलकट वेगळं. चावटपणाला दोन माणसं लागतात. एकाने टाकायचं, दुसऱ्याने परतवायचं. तमाशातली गवळण आठवा, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी आणि त्यांची मावशी त्या पेंद्याला काय काय सुनावतात! वाह्यातपणा एकट्याचा असतो, त्यात माणूस स्वतःचंच हसं करून घेतो. आणि हलकटपणात दुसऱ्या माणसाला माहीतच नसतं की आपल्यावर काय चाललंय. 'एच.ओ.टी.एस.' चावट आहे. 'क्लास ऑफ सेव्हन्टीफोर' आणि त्याची भावंडं बहुतेक वाह्यात. हलकट कोण, तर तुमच्या त्या फोल्डरमधले.

१९७८ मध्ये 'अ‍ॅनिमल हाऊस' आला. युनिव्हर्सलसारखा मोठा स्टुडिओ, तरी बजेट सुमारे ३० लाख डॉलर. कमाई अमेरिकेतच १४ कोटींवर. ड्राइव्ह-इनचा किरकोळ माल एकदम सोन्याची खाण झाला. मला हा पिक्चर आवडतो, खोटं कशाला बोलू. मस्तवाल प्रशासनाची जी टर त्यात उडवलीय, ती कुठल्याही डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलेल्याला आवडणारच. २००१ मध्ये अमेरिकेने तो राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायच्या यादीत घेतला. पण त्यात एक प्रसंग आहे. जॉन बेलुशीचा ब्लूटो शिडी लावून मुलींच्या होस्टेलच्या खिडकीत डोकावतो. आत मुली कपडे बदलतायत. आणि मग तो मान वळवून थेट कॅमेऱ्यात बघतो, भुवया उडवतो. म्हणजे आपल्याकडे बघतो. काय, मजा येतेय ना?

त्या एका भुवईत पुढची सहा वर्षं आहेत असं मला वाटतं. इतके दिवस प्रेक्षक मैदानात होता. इथे त्याला शिडीवर घेतलं.

'पोर्कीज' आला १९८१च्या शेवटी, आणि अमेरिकाभर लागला १९८२ मध्ये. त्यातली पोरं शाळेतली आहेत, पण या जातीचा सगळ्यात गाजलेला पिक्चर म्हणून तो सोडता येत नाही. कमाई १० कोटी डॉलरच्या वर, वितरक ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स. त्यातला सगळ्यांना पाठ असलेला प्रसंग म्हणजे मुलींच्या न्हाणीघराच्या भिंतीला असलेली भोकं आणि पलीकडे उभी मुलं. मुलींना कळतं, तेव्हा त्या किंचाळत नाहीत. हसतात. काही जणी तर मस्करी करतात. पडद्यावरच्या मुलीला हसवलं की बघणाऱ्या मुलाच्या मनातली टोचणी निघून जाते, हे लिहिणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं.

१९८४चा 'रिव्हेंज ऑफ द नर्ड्स' तर कॉलेजचाच, आणि माझ्या मते सगळ्यात बेरकी. कारण त्यात नायक म्हणजे आपण. चष्मेवाले, कॉम्प्युटरवाले, कॅंपसमध्ये मार खाणारे. सहानुभूती पहिल्या दहा मिनिटांत मिळवून टाकलीय. मग हे बिचारे मुलींच्या होस्टेलमध्ये चोरून कॅमेरे बसवतात आणि टीव्हीवर बघत बसतात. एका मुलीचा उघडा फोटो थाळ्यांना चिकटवून, वर क्रीम लावून, कॉलेजच्या जत्रेत विकतात. आणि नायक लुइस मुखवटा घालून त्याच मुलीबरोबर झोपतो. तिला वाटतं तो तिचा बॉयफ्रेंड आहे. मुखवटा काढल्यावर ती काय करते? त्याच्या प्रेमात पडते. लुइस झालाय रॉबर्ट कॅरॅडाइन. हाच माणूस १९७६च्या 'द पॉमपॉम गर्ल्स' या अगदी स्वस्तातल्या ड्राइव्ह-इन पिक्चरचा हीरो होता. त्यात तो गाड्या पळवतो, भांडतो, गोंधळ घालतो. बिनडोक पिक्चर आहे, पण कुणाला फसवून झोपवत नाही. आठ वर्षांत पैसा वाढला, कॅमेरे सुधारले, तोच नट. सुधारलं काय?

सगळे स्वस्त पिक्चर साधू होते असं मी म्हणत नाही. त्या ढिगात असं बरंच आहे जे मी दहा मिनिटांत बंद केलं. पण 'त्या काळी चालायचं' हे वाक्य टिकत नाही, एवढंच दाखवायचंय. १९७० मध्ये, कमी पैशात, त्याच प्रेक्षकासाठी रॉथमन वेगळं करू शकली. आणि ज्या १९८२ मध्ये 'पोर्कीज' गल्ला भरत होता, त्याच वर्षी एमी हेकरलिंगचा 'फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमॉन्ट हाय' आला. त्यातही शाळकरी पोरं, त्यातही उघडे प्रसंग. पण पहिल्या वेळेला मुलीला काय वाटतं, तिची नजर छतावर कशी जाते, दिवस गेल्यावर तो मुलगा नेमका कसा गायब होतो आणि दवाखान्याबाहेर तिचा भाऊ कसा उभा असतो, हे सगळं कॅमेऱ्याने बघितलं. काळ तोच, वय तेच. मग 'काळ' काय करत होता? काही नाही. निवड माणसं करत होती.

मला माझा एक मित्र म्हणाला, 'जोक आहे गं. सेन्सॉर बोर्ड होऊ नकोस.' तो चांगला मुलगा आहे, माझ्या नोट्स त्याच्याकडे असतात. त्याला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मला काहीही कापायचं नाहीये. जॅक्सनव्हिलचा निकाल मला मान्य आहे. 'टकाटक' २०१९ मध्ये आला तेव्हा आपल्याकडे काहींनी नाकं मुरडली, मी नाही. ज्याला बघायचंय त्याने बघावं, नाही त्याने नजर वळवावी. पण भोकाच्या अलीकडे जी आहे, तिला वळवायला नजर नाही, कारण तिला माहीतच नाही.

आमच्या होस्टेलच्या बाथरूमच्या खिडकीला काच आहे, पण ती आरपार आहे. अर्ज दोनदा दिलाय. तोपर्यंत आम्ही तिला वर्तमानपत्र चिकटवतो. पावसाळ्यात ते ओलं होऊन सुटतं, मग पुन्हा चिकटवतो. चिकटपट्टीचा खर्च आम्ही वर्गणी काढून करतो. कधीकधी त्यात ही पुरवणीही असते. म्हणजे तुम्ही वाचताय ते पान पुढच्या आठवड्यात तिथे असू शकतं. कुणी डोकावलंय असं अजून झालेलं नाही. पण आंघोळीला जाताना आधी कागद बघायचा, मग नळ सोडायचा, ही सवय आमच्यातल्या सगळ्यांना लागलीय. नव्या आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी तेच सांगितलं जातं. मेसची वेळ नंतर.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे हे स्पष्ट आहे. २०१३च्या दुरुस्तीने भारतीय दंड विधानात ३५४-सी म्हणून ओळखलं जाणारं कलम आलं, आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम ७७ आहे. बाई खासगीत असताना तिला चोरून बघणं, तिचा फोटो-व्हिडिओ काढणं किंवा तो पसरवणं हा गुन्हा. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं कैद आणि दंड, पुन्हा केलं तर तीन ते सात. आणि एक बारकावा जो ग्रुपवर कुणाला ठाऊक नसतो : तिने फोटो काढायला हो म्हटलं असेल, पण पुढे पाठवायला म्हटलं नसेल, तर पाठवणं हाही गुन्हाच. म्हणजे 'नर्ड्स'मधला क्रीमची थाळी विकणारा आज सरळ आत जाईल. थाळीवरचा फोटो बघून हसणारे सुटतील, कारण कलम त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

हसणाऱ्यांबद्दल एक गोष्ट आहे, आणि ती याच ड्राइव्ह-इनच्या मैदानातून निघते. कॉर्मनच्या नर्सेसच्या मालिकेतला तिसरा पिक्चर 'नाइट कॉल नर्सेस', १९७२चा. तो ज्याने केला त्या जोनाथन कॅप्लनचा तो पहिलाच पिक्चर. पुढच्याच वर्षी त्याने त्याच कंपनीसाठी 'द स्टुडंट टीचर्स' केला. नावावरून कळतंच. म्हणजे हा माणूस या धंद्याची बाराखडी शिकूनच वर आला. त्याच कॅप्लनने १९८८ मध्ये 'द अक्यूज्ड' केला. एका बारमध्ये मुलीवर सामूहिक बलात्कार होतो आणि आजूबाजूचे पुरुष थांबवायचं सोडून ओरडून, टाळ्या पिटून चढवत राहतात. खटल्याचा सगळा जोर शेवटी त्या चढवणाऱ्यांवर येतो : तुम्ही हात लावला नाहीत, पण तुम्ही ओरडत होतात. जोडी फॉस्टरला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. कॅप्लनच्या डोक्यात तेव्हा त्याचे जुने पिक्चर होते की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण प्रेक्षक कुठे ओरडतो आणि का ओरडतो, हे त्या मैदानात शिकलेल्या माणसाला नक्कीच इतरांपेक्षा जास्त कळत असणार.

कॅप्लन वर गेला. 'द पॉमपॉम गर्ल्स'चा दिग्दर्शक जोसेफ रुबेनही वर गेला, १९९१ मध्ये त्याने ज्युलिया रॉबर्ट्सला घेऊन 'स्लीपिंग विथ द एनिमी' केला. 'अ‍ॅनिमल हाऊस'नंतर जॉन लँडिसला कामाची कमतरता राहिली नाही. स्टेफनी रॉथमनचा शेवटचा पिक्चर १९७४चा, 'द वर्किंग गर्ल्स'. कामाच्या शोधात असलेल्या तीन मुलींची गोष्ट. त्यानंतर मोठ्या स्टुडिओंची दारं तिने ठोठावली. उघड्यावाघड्या पिक्चरची बाई म्हणून ती उघडली नाहीत. ज्यांच्यावर तोच शिक्का होता, त्या पोरांसाठी मात्र उघडली.

तुमच्या कॉलेजात या सेमिस्टरला रेट्रो फिल्म नाइट ठरत असेल आणि प्रोजेक्टर बुक झाला असेल, तर 'पोर्कीज'च्या आधी 'द स्टुडंट नर्सेस' लावा. दीड तासाचाही नाही. आवाज खराब आहे, त्याला इलाज नाही. आणि लाइट लावायच्या आधी एकदा बघून घ्या की कोण कोण कुठल्या जागी हसतंय.